ते टाळ्यांचं वाक्य काढून टाक

अगं, तुझं भाषण वाचलं. आधी मोबाईलवर वाचलं, मग प्रिंट काढून पेन घेऊन बसलो, कारण स्क्रीनवर मला सगळंच बरं वाटतं. सुरुवात जोरात आहे, आवाज तर तुझा खणखणीत आहेच, परीक्षक खूश होतील यात शंका नाही. पण पाचव्या परिच्छेदातलं ते वाक्य, ज्याच्यापुढे तू स्वतःच "पॉज, टाळ्या" असं लिहून ठेवलंयस, "ज्या गोव्यासाठी महाराष्ट्रानं रक्त सांडलं त्याच गोव्यानं १९६७ साली महाराष्ट्राच्या तोंडावर दार आपटलं", म्हणजे त्या वर्षीच्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, ते काढून टाक. टाळ्या पडणार हे मला माहितीय, म्हणूनच काढ म्हणतोय. का ते सांगतो, जरा लांबण लागेल, पण तू मत विचारलंयस तर आता ऐकून घे.

पहिलं म्हणजे रक्त कोणाचं ते नीट बघ. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर हजारो सत्याग्रही जमले होते, कोणी बांद्याकडून पत्रादेवीला, कोणी तुमच्या बेळगावच्या बाजूनं कॅसलरॉकला रेल्वेच्या बोगद्याकडून. अट अशी की हातात तिरंग्याशिवाय काहीही नाही, काठीसुद्धा नाही. समोर पोर्तुगीज बंदुका रोखून उभे. हे लोक घोषणा देत रांगेनं पुढे गेले आणि समोरून गोळीबार झाला. वीसच्या वर माणसं मेली, दोनशेच्या वर जखमी. आता नावं बघ. पत्रादेवीला पडलेला कर्नैलसिंग बेनीपाल हा पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातला शिक्षक. राजाभाऊ महाकाळ उज्जैनचे. सहोदराबाई राय मध्य प्रदेशातल्या सागरच्या, हातात झेंडा होता, गोळ्या लागल्या तरी वाचल्या आणि पुढे लोकसभेवर निवडून गेल्या. हिरवे गुरुजी आपल्या पनवेलचे. म्हणजे आपली माणसं होती, भरपूर होती, पुण्यातून गोवा विमोचन सहायक समितीनं तुकड्याच्या तुकड्या पाठवल्या होत्या, घराघरांतून भाकऱ्या गोळा होत होत्या, ते सगळं खरंच आहे. पण "महाराष्ट्राचं रक्त" म्हटलंस की कर्नैलसिंगाचं काय करायचं? त्याला गोव्याची भाषा येत नव्हती, मराठी येत नव्हती, आणि गोवा उद्या कुठल्या राज्यात जाईल याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. आणि मजा म्हणजे त्या दिवशी महाराष्ट्र नावाचं राज्यही नव्हतं, ते १९६० ला झालं.

थांब, इथे तू मला लगेच अडवशील, म्हणशील सर, "बेळगाव, कारवार, निपाणी, गोव्यासह" ही घोषणा होतीच की. होती, बरोबर आहे, संयुक्त महाराष्ट्राच्या नकाशात गोवा होता आणि सत्याग्रहाला गेलेल्या अनेकांच्या मनातही तो होता. मी ते नाकारत नाही. पण मनात असणं वेगळं आणि त्यावरून पुढच्या पिढीतल्या गोवेकरानं कुठे शिक्का मारावा हे ठरवणं वेगळं. हौतात्म्य म्हणजे वाण्याची उधारीची वही नव्हे, की बारा वर्षांनी उघडून मतदाराकडे वसुलीला जायचं.

दुसरी गोष्ट, तुझ्या भाषणात गोव्यातले लोक कुठे आहेत? सगळे बाहेरून येतात, गोळ्या खातात, गोवेकर जणू घरात बसून बघतोय. ही नेमकी सालाझारची मांडणी होती बघ! पोर्तुगालचा हुकूमशहा जगाला हेच सांगायचा की गोवा ही वसाहतच नाही, तो आमचा प्रांत आहे (१९५१ ला त्यांनी कागदोपत्री तशी दुरुस्तीच करून घेतली, वसाहत शब्द खोडला आणि "सागरपार प्रांत" लिहिला, झालं काम), तिथले लोक सुखात आहेत आणि गडबड करतायत ते सगळे बाहेरचे भारतीय. तू अनवधानानं त्याचीच बाजू घेतलीयस.

खरं काय होतं? १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी आणि ज्युलियांव मिनेझिसनी सभाबंदी मोडली तिथून हे धरपकडीचं सत्र सुरू झालं. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, कॅथलिक घरातला माणूस, गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतात त्यांना, त्यांच्यावर लष्करी कोर्टात खटला चालवून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात नेऊन टाकलं. ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात सुधाताई जोशींना नॅशनल काँग्रेस गोवाच्या अध्यक्ष म्हणून बोलताना पकडलं. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी जंगलात बसून, आधी आंबोलीच्या बाजूला आणि मग कॅसलरॉककडे, सहा वर्षं गुप्त रेडिओ चालवला, कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून. एवढा जीव धोक्यात घालणारी माणसं "घरात बसलेली" होती म्हणायचं का? आणि घरात बसलेल्यांचंही ऐक, तिथे छापून येणाऱ्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉर होता, लग्नपत्रिकासुद्धा आधी दाखवून आणायला लागायची असं जुने लोक सांगतात. अशा ठिकाणी गप्प बसलेला माणूस खूश आहे असं समजायचं असेल तर मग जगातला प्रत्येक हुकूमशहा लोकप्रियच.

हिंसेबद्दल लिहिताना तू फक्त गोळीबाराचा एक दिवस घेतलायस. मान्य, सात मिनिटांत सगळं बसत नाही. पण तो दिवस एकदम आभाळातून पडलेला नाही. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट, बापट तेव्हा पंच्याहत्तरीला आलेले, पहिली मोठी तुकडी घेऊन आत गेले. त्यांना मारलं. मग पद्धतच पडून गेली, तुकडी आत येणार, बंदुकीच्या दस्त्यांनी आणि काठ्यांनी झोडपणार, बाकीच्यांना गाडीत घालून हद्दीवर फेकून देणार आणि पुढाऱ्यांना ठेवून घेणार. अमीरचंद गुप्ता त्या मारहाणीतच गेले. मधु लिमये जुलैत आत शिरले, त्यांना इतकं मारलं की मेल्याची बातमी पसरली, नंतर बारा वर्षांची शिक्षा. गोऱ्यांना दहा वर्षं. (दोघंही १९५७ ला सुटले.) त्या छळाच्या गोष्टींत कासिमिरो मोन्तेरो या पोलिसाचं नाव सारखं येतं, आणि हाच माणूस पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत गेला आणि १९६५ ला त्यांच्याच देशातल्या विरोधी नेत्याच्या, जनरल देलगादोंच्या खुनात सापडला. म्हणजे बघ, वसाहतीत जे हात शिकले ते शेवटी स्वतःच्या घरात वापरले गेले. ही एक ओळ घेतलीस तर तुझं भाषण एकदम वेगळ्या उंचीवर जाईल, इच्छा असेल तर घे.

आणि हे "ख्रिश्चन विरुद्ध हिंदू" असं वाचू नको, कोणी वाचायला लावलं तरी. तेच सरकार १९५३ ला साव तोमे बेटावर, १९५९ ला बिसावच्या धक्क्यावर संप करणाऱ्या गोदी कामगारांवर आणि १९६० ला मोझांबिकमध्ये मुएडाला गोळ्या झाडत होतं, आणि तिथे मरणारे काळे लोक होते, त्यातले कितीतरी ख्रिश्चन. लोक एकत्र येऊन मागतायत म्हटलं की या सरकारला एकच उत्तर सुचायचं.

पण म्हणून गोळीबार फक्त परकीच करतात असा सूर लावू नको हं. हे तुला, बेळगावच्या पोरीला, मी सांगायला नको. पत्रादेवीनंतर तीन महिन्यांनी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, फ्लोरा फाउंटनला पोलिसांनी गोळ्या घातल्या, पंधरा माणसं गेली, आणि ते सरकार मोरारजी देसाईंचं, आपलंच, निवडून आलेलं. पुढच्या जानेवारीपर्यंत संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे शंभरावर गेले. १७ जानेवारीला तू दरवर्षी हुतात्मा चौकात फुलं वाहायला जातेस ना, ती माणसंही त्यातलीच. त्याच वर्षी पत्रादेवीच्या हुतात्म्यांसाठी रडणाऱ्या सरकारनं हे केलं. फरक काय होता विचारशील तर फरक होता आणि मोठा होता, तो असा की मोरारजींना लोकांना पुन्हा सामोरं जायचं होतं, सालाझारला नव्हतं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची काय अवस्था झाली ते वाच. गोळी दोन्हीकडे तितकीच लागते, पण एकीकडे नंतर तुला विचारतात आणि एकीकडे नाही.

सालाझारनंही एकदा विचारलं होतं म्हणा. १९३३ ला त्यानं आपल्या राज्यघटनेवर पोर्तुगालमध्ये सार्वमत घेतलं, आणि जे मतदानाला गेलेच नाहीत त्यांची मतं "हो"मध्ये धरली! वाचून हसू येतं, पण कुठल्याही देशात असं मतदान झालं की निकालाच्या आधी नियम वाचायचे हे मी तिथून शिकलो. प्रश्न कोणी लिहिला, पर्याय किती दिले, यादीत कोण आहे आणि कोणाला बाहेर ठेवलंय, मतदान चालू असताना खुर्चीवर कोण बसलंय. टक्केवारी सगळ्यात शेवटी.

आता ह्याच डोळ्यांनी गोव्याचा कौल बघ.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक, त्यात दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण हाच त्यांचा मुख्य मुद्दा, आणि ज्या काँग्रेसच्या सरकारनं फौज पाठवून गोवा सोडवला तिला गोव्यातल्या मतदारांनी एक जागा दिली नाही. (कृतज्ञतेचा हिशोब तेव्हाच चुकला होता, कळतंय का!) १९६५ ला विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केला. तिथे डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स या विरोधी पक्षानं म्हटलं की एका निवडणुकीच्या बहुमतावर प्रदेशच मिटवून टाकायचा असं चालणार नाही, हा प्रश्न सुटा काढा आणि थेट लोकांना विचारा. गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत खेटे घालत होतेच. घटनेप्रमाणे खरं तर विचारायची गरज नव्हती, राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेचा आहे, लोकांना विचारा असं तिसऱ्या कलमात कुठेही नाही. म्हणून १९६६ च्या डिसेंबरात खास कायदा करावा लागला. आणि बांदोडकरांनी मतदानाआधी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली, म्हणजे सत्ताधारी पक्षच पंच आहे असं कोणाला म्हणता येऊ नये. मागणी विरोधकांची होती पण ऐकली ना त्यांनी, आज कोणी ऐकेल का विचार कर.

१६ जानेवारी १९६७. मतपत्रिकेवर दोन चिन्हं, महाराष्ट्रात जायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. तिसरं काही नाही. आम्हाला स्वतःचं पूर्ण राज्य हवंय म्हणणाऱ्याला जागाच नव्हती, त्यानं नाइलाजानं दोन पानांवर शिक्का मारायचा. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावाच्या सामायिक खोल्यांमध्ये, राहणारे हजारो गोवेकर, बोटीवर गेलेले खलाशी, ह्यांना मत नाही, सिक्वेरांनी मागितलं होतं पण मिळालं नाही. एकवीस वर्षांखालच्यांना अर्थातच नाही.

आणि एक माणूस असा होता की ज्याला मत देण्याचा प्रश्नच नव्हता कारण तो त्या दिवशी लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात होता. मोहन रानडे, मूळचे सांगलीचे, गोव्यात शाळामास्तर म्हणून राहिले आणि आझाद गोमंतक दलातून हत्यार घेऊन लढले, १९५५ ला बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. गोवा सुटला, निवडणूक झाली, कौल झाला, आणि हे अजून आतच, सुटले १९६९ च्या जानेवारीत. गोव्याचे दुसरे स्वातंत्र्यसैनिक तेलो मास्कारेन्यस तर त्याच्याही नंतर. तुझ्या भाषणात टाळ्यांच्या वाक्याच्या जागी काही हवंच असेल तर हे घाल. एकीकडे फूल की पानं म्हणून गावोगाव गाणी गायली जातायत, उल्हास बुयांव पेटी घेऊन फिरतायत, 'गोमन्तक' आणि 'राष्ट्रमत' रोज एकमेकांवर तुटून पडतायत (दोन्ही पेपर मराठी बरं का, विलीनीकरणाला विरोध करणारा पेपरही मराठीत निघायचा, ह्याच्यावर जरा विचार कर), आणि त्याच वेळी ज्याच्यामुळे हे शक्य झालं त्यातला एक जण जुन्या मालकाच्या कोठडीत.

निकाल तुला पाठ आहे पण तू त्यातला फक्त एक आकडा घेतलायस. मतदार ३,८८,४३२, मतदान ३,१७,६३३, म्हणजे शंभरातले ब्याऐंशीच्या आसपास लोक आले. दोन पानं १,७२,१९१. फूल १,३८,१७०. फरक ३४,०२१. आता १९४८ च्या जुनागढच्या मतदानाशी ताडून बघ, तिथे पाकिस्तानच्या बाजूनं सगळ्या संस्थानात ९१ मतं पडली. तिथे प्रश्न निकालात निघाला असं म्हणता येतं. गोव्यात ५४ विरुद्ध साडेत्रेचाळीस, म्हणजे प्रत्येक वाड्यात, कधी कधी एकाच घरात दोन्ही. पेडणे, डिचोली, सत्तरी, ह्या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा घेतलेल्या, भागांचा कल विलीनीकरणाकडे आणि सासष्टीत जबरदस्त विरोध. पत्रादेवी कुठे येते? पेडण्यात. सांडलेल्या रक्ताच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्यांनी फुलावर शिक्के मारले, म्हणजे "गोव्यानं" दार आपटलं हे तुझं वाक्य तिथल्या तिथे पडतं.

गणित अजून थोडं कर. तेव्हा गोव्यात हिंदू साधारण साठ टक्के. सगळ्या हिंदूंनी फूल घेतलं असतं तर विलीनीकरण आरामात झालं असतं. नाही झालं. म्हणजे कितीतरी हिंदूंनी, त्यात घरात तुकोबांचे अभंग म्हणणाऱ्यांनी, विरोधात मत दिलं. का? एक कारण नाही. कोणाला वाटलं एवढ्या मोठ्या राज्यात आपण एका कोपऱ्यातला जिल्हा होऊन जाऊ. महाराष्ट्रातून डेप्युटेशनवर आलेल्या साहेबांचा रुबाब बघून कोणी वैतागला होता, नोकऱ्या हेच खाणार असं बोललं जायचं. कोणाला कोकणीचं प्रेम. महाराष्ट्रात दारूबंदी, तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला पोटाची काळजी (महाराष्ट्रानं सवलतींची आश्वासनं दिली होती, पण आश्वासनावर कोण किती विश्वास ठेवणार). भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला, वाटलं तिकडचे कुळकायदे इकडे आले तर जमीन गेली. आणि नेमकं हेच, कुळकायदा येईल, भाटकाराच्या तावडीतून सुटू, म्हणून मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे) आणि कुळं फुलाच्या मागे. म्हणजे वरून प्रश्न होता भाषेचा आणि राज्याचा, आत प्रत्येकजण आपापल्या चुलीचा, शेताचा आणि भीतीचा हिशोब करत होता. राष्ट्रीय प्रश्नावर माणसं अशीच मत देतात, तू आणि मी पण अशीच देऊ, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

म्हणून उलट्या बाजूलाही जाऊ नको. हे पत्र वाचून दुसरा ड्राफ्ट लिहिताना "विलीनीकरणवाले गोव्याचे शत्रू" असं काही लिहिशील तर तेही मी लाल पेनानं खोडीन. एक लाख अडतीस हजार माणसं गद्दार नसतात. पोर्तुगीजांनी ज्यांच्यासाठी फारशा मराठी शाळा काढल्या नाहीत, ज्यांना १९१० ला पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक येईपर्यंत बरोबरीचे हक्कही नव्हते, ज्यांनी देवळातल्या पंतोजींकडे मराठी जगवली, त्यांना महाराष्ट्राची ओढ वाटणं हे सरळ होतं. ते हरले आणि त्यांनी निकाल मानला, हे मला फार मोठं वाटतं.

आणि मग मार्च. हे तुझ्या भाषणात अजिबात नाही आणि मला विचारशील तर सगळ्या गोष्टीतला जीव तिथे आहे. कौल हरल्यावर सगळे म्हणत होते संपला मगो पक्ष, संपले भाऊसाहेब बांदोडकर. २८ मार्च १९६७ ला विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी, अडीच महिन्यांपूर्वी ज्यांनी बांदोडकरांचा सगळ्यात मोठा मुद्दा फेटाळला होता त्यांनीच, बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. सोळा जागा त्यांना, बारा युनायटेड गोवन्सना. शाळा काढणारा, कुळांच्या बाजूनं बोलणारा माणूस हवाय, पण गोवा गोवाच राहू दे. हे दोन्ही एकदम म्हणता येतं हे लोकांनी दाखवून दिलं, आणि ते दाखवता आलं कारण कोणीतरी प्रश्न पक्षापासून सुटा काढून त्यांच्यापुढे ठेवला होता. टीव्हीवर बसून "मतदार कन्फ्यूज आहे" म्हणणाऱ्यांना हे उदाहरण खिशात ठेवून ऐकवत जा.

आता खरं कारण सांगतो मी हे सगळं एवढं ताणून का लिहितोय. तुझ्या भाषणाचा शेवट बेळगाववर आहे. "आम्हाला विचारा, आमचं भवितव्य आम्हाला ठरवू द्या." ते वाक्य खरं आहे, दुखऱ्या जागेवरून आलंय, आणि त्याला हात लावू नको. गोव्याला १९६७ च्या जानेवारीत विचारलं, आणि त्याच सुमाराला तुमच्यासाठी काय केलं तर एका न्यायमूर्तींचा आयोग नेमला, महाजन आयोग, ऑक्टोबर १९६६ ला. लोकांना नाही विचारलं. आयोगानं बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हटलं, महाराष्ट्रानं ते नाकारलं, आणि २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात पडून आहे. तुझ्या आजोबांपासून तीन पिढ्या निवडणुकीत मराठी उमेदवार निवडून देऊन उत्तर देतायत, पण प्रश्न कोणी अधिकृतपणे विचारलेलाच नाही.

पण मग तूच सांग, पाचव्या परिच्छेदात लोकांनी दिलेल्या कौलावर दात खायचे आणि नवव्या परिच्छेदात लोकांचा कौल घ्या म्हणून मागायचं, हे कसं जमणार? समोर एखादा हुशार परीक्षक असला, किंवा हुबळीचा एखादा पोरगा जरी बसलेला असला, तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल, की उत्तर तुमच्या मनासारखं आलं तरच विचारायचं का? गोव्याचा कौल तुला आवडो न आवडो, "बेळगावला विचारा" म्हणणाऱ्याच्या हातात ह्यापेक्षा चांगला पुरावा भारतात दुसरा नाही. ह्या देशात विचारता येतं, दोन शेजारी राज्यांचं नाक मध्ये असूनही विचारता येतं, हरलेला मानतो, आकाश कोसळत नाही, आणि १९८७ ला ३० मेला त्याच गोव्याचं स्वतंत्र राज्यही होतं. तू ज्याला दार आपटणं म्हणतेस ना, तो तुझ्या केसमधला सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे, त्याच्यावरच कशाला शिव्या घालतेस!

बाकी किरकोळ. "हजारो हुतात्मे" काढ, आकडा फुगवला की खऱ्या वीस-बावीस जणांची किंमत कमी होते, त्यापेक्षा दोन नावं घे. नेहरूंवर तू फार पटकन घसरलीयस, १९५५ च्या गोळीबारानंतर त्यांनी सत्याग्रहच थांबवला हे खरं, त्याचा राग तेव्हाही होता आणि गोऱ्या-लिमयांसारख्यांना आत टाकून बाहेर सगळं थंड पडलं ह्याचा मलाही राग आहे, पण त्यांनीच गोव्याचं वेगळेपण राखू असं सांगितलं होतं आणि कौलाची वाट तिथून निघते, तेव्हा एक वाक्य त्याचंही दे. पत्रादेवीला स्मारक आहे, बेळगावहून फार लांब नाही, जमलं तर जाऊन ये, भाषणासाठी नाही, अशीच. आणि तुझी ती पेडण्याची मावशीआजी, जिच्याकडे तू मे महिन्यात जातेस, तिचं १९६७ ला मत होतं का बघ वयाचा हिशोब करून. असेल तर विचार कसं होतं ते, घरात काय बोलायचे, गाणी आठवतायत का, मतदानाला कोणाबरोबर गेली. फूल की पानं तेवढं विचारू नको, ते तिनं आपणहून सांगितलं तर ठीक.

दुसरा ड्राफ्ट गुरुवारपर्यंत पाठव, शुक्रवारी मी बाहेरगावी आहे. आणि सात मिनिटांचं भाषण सहा मिनिटांत बसव, स्टेजवर गेल्यावर सगळ्यांचंच लांबतं.

तुझा,
सर